हाडावरची रेघ: सुरीची की दाताची?

शिमल्याला निघालेल्या बऱ्याच मराठी सहलींची गाडी चंदीगड सोडलं की पिंजौरला थांबते. औरंगजेबाचा दूधभाऊ फिदाई खान याने १७व्या शतकात बांधलेली बाग, टप्प्याटप्प्याने उतरत जाणारी कारंजी, भरपूर फोटो, आणि परत गाडीत. तुम्ही गेला असाल तर तुम्हीही हेच केलं असणार. पुढच्या वेळी बागेकडे जरा पाठ करा आणि समोरच्या शिवालिकच्या बुटक्या, मातकट टेकड्या बघा. भूवैज्ञानिकांनी या टेकड्यांमधल्या एका मोठ्या थराला ‘पिंजौर’ हेच नाव दिलं आहे. लाखो वर्षांपूर्वीच्या हत्तींच्या, पाणघोड्यांच्या, प्रचंड कासवांच्या हाडांचे जीवाश्म या शिवालिक थरांमध्ये सापडतात.

याच टेकड्यांमध्ये चंदीगडजवळ मसोल नावाचं गाव आहे. तिथे भारतीय आणि फ्रेंच संशोधकांना काही जीवाश्म हाडं मिळाली आणि त्यातल्या मोजक्या हाडांवर रेघा दिसल्या. २०१६ मध्ये त्यांनी जाहीर केलं की या रेघा मुद्दाम केलेल्या आहेत. म्हणजे कुणीतरी दगडाच्या धारेने मांस सोडवलं, आणि तेही सुमारे २६ लाख वर्षांपूर्वी!

आता रेघ सुरीची की दाताची, हे कसं ठरवतात? घरातलंच उदाहरण घ्या. भाजी चिरायच्या लाकडी पाटावर सुरीच्या रेघा अरुंद आणि खोल असतात. कुत्र्याने चावलेल्या चपलेवर मात्र बसका, गोलसर खळगा दिसतो. हाडाचंही तसंच. धारदार दगडाने केलेली खूण आडवी कापून पाहिली तर इंग्रजी ‘व्ही’सारखी दिसते आणि तिच्या आत बारीक बारीक समांतर ओरखडे असतात, कारण दगडाची धार करवतीसारखी थोडी दातेरी असते. वाघ-तरसाच्या दाताची खूण ‘यू’सारखी रुंद असते. उंदीर-साळिंदराने कुरतडलं तर दोन-दोन रेघा जोडीने येतात. जनावरांच्या पायाखाली वाळूत रगडलेल्या हाडावर उथळ, कुठेही कशाही गेलेल्या रेघा असतात. म्हणून संशोधक त्रिमितीय सूक्ष्मदर्शकाखाली खुणेची खोली आणि आकार मोजतात. शिवाय स्वतः दगडाच्या धारेने ताज्या हाडांवर खुणा करून बघतात आणि दोन्ही शेजारी ठेवतात. मला हा भाग सगळ्यात आवडतो. खाटकाचं काम करून शोधनिबंध लिहायचा!

आणखी एक साधी युक्ती आहे. रेघेच्या आतला रंग बघायचा. हाड दगड होताना त्यावर जे खनिजाचं पुट चढतं तेच रेघेतही असेल, तर रेघ जुनी. आत फिकट, ताजं दिसलं, तर कालपरवा कुणाचा तरी फावडा लागलाय.

वयाचं काय? इथे कार्बन-१४ कामाचा नाही, तो साधारण ५०,००० वर्षांपलीकडे थकतो. मग चुंबकत्वाची मदत घेतात. गाळ साचताना त्यातले लोहाचे कण पृथ्वीच्या चुंबकीय दिशेला वळून बसतात. सुमारे २५.८ लाख वर्षांपूर्वी ही दिशा उलटी झाली होती. मसोलचे थर या उलथापालथीच्या खालचे, म्हणजे त्याहून जुने आहेत.

मग वाद कसला? हाडं जमिनीवर पडलेली मिळाली, थरात रुतलेली नव्हे. पावसाळ्यात या टेकड्या भरभर झिजतात, वरचं खाली येतं, खालचं उघडं पडतं. आफ्रिकेबाहेरचा सर्वमान्य जुना पुरावा जॉर्जियातल्या द्मानिसीचा, सुमारे १८ लाख वर्षांचा. भारतातली भक्कम पुराव्याची दगडी हत्यारं तमिळनाडूत अत्तिरम्पाक्कमला मिळाली, ती सुमारे १५ लाख वर्षांची. त्यापुढे २६ लाख म्हणजे फार मोठी उडी आहे. त्यामुळे अनेक शास्त्रज्ञ अजून मान डोलवत नाहीत, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं. खूण कितीही स्पष्ट असली तरी हाड कुठल्या थरातून आलं हे सुटलं की सूक्ष्मदर्शक काही करू शकत नाही. तेव्हा ‘जगातला पहिला माणूस पंजाबात’ असा फॉरवर्ड आला, तर आधी विचारा, हाड रुतलेलं होतं की पडलेलं?

आपल्या पुणे जिल्ह्यातही असाच पेच झालाय. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठच्या बोरी गावात दगडी हत्यारांसोबत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. त्या राखेचं वय एका पद्धतीने सुमारे १४ लाख वर्षं आलं, नंतर दुसऱ्या पद्धतीने ६.७ लाख. पुढे काही शास्त्रज्ञांनी राखेतल्या काचकणांचं रासायनिक विश्लेषण करून सांगितलं की ही इंडोनेशियातल्या टोबा ज्वालामुखीची, अवघी ७५,००० वर्षांपूर्वीची राख आहे. राख एकच, उत्तरं तीन! नदीने वाहून आणलेल्या राखेत जुने कण मिसळले की वय फुगतं, ही त्यातली एक मोठी अडचण.

म्हणून एक विनंती. शिवालिकमध्ये किंवा आपल्या गावच्या नदीकाठी हाडासारखा जड दगड दिसला, तर आठवण म्हणून बॅगेत टाकू नका. शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, मोबाईलवर जागेची नोंद करा आणि जवळच्या संग्रहालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला कळवा. मुलांना जीवाश्म बघायचेच असतील तर चंदीगडच्या सेक्टर १० मधल्या सरकारी संग्रहालयाच्या आवारात जा, फक्त सोमवारी ते बंद असतं. आणि घरी करून बघायचं असेल तर रविवारच्या मटणातलं एक हाड धुऊन वाळवा, त्यावर सुरीने एक रेघ आणि खडबडीत दगडाने दुसरी रेघ ओढा. मग खोलीतला दिवा घालवून मोबाईलचा टॉर्च हाडाला तिरका लावा. दोन्ही रेघांच्या सावल्या वेगळ्या पडतात का, ते बघा.