‘ईसीयू गेलाय, काका!’

जुन्या गाडीला स्कॅनर लावला आणि त्यावर काहीच उमटलं नाही, की हल्ली गॅरेजमध्ये एकच निकाल ऐकू येतो. ‘ईसीयू गेलाय, काका. नवीन टाकावा लागेल.’ गाडी वीस वर्षांची असेल तर पुढचं वाक्यही ठरलेलं. ‘त्यापेक्षा काढूनच टाका ना!’ मंडळी, माझं स्पष्ट मत आहे की हे निदान नव्हे, पळवाट आहे. आणि तिचे पैसे आपण मुकाट्याने भरतो.

ज्यांना या भानगडीत फारसं कळत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पूर्वी गाडीत कार्ब्युरेटर असायचा. प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसा तो गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. भारत स्टेज २ हे नियम १ एप्रिल २००५ पासून देशभर लागू झाले, तोपर्यंत आपल्याकडच्या बहुतेक नव्या पेट्रोल गाड्या इंजेक्शनच्या झाल्या होत्या. यात पेट्रोल किती आणि केव्हा सोडायचं हे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवतो. इंजिन किती तापलंय, हवा किती येतेय, अ‍ॅक्सिलरेटर किती दाबलाय हे त्याला सेन्सर कळवतात. एखादा सेन्सर वेडंवाकडं सांगू लागला की ईसीयू त्याची नोंद करून ठेवतो आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लावतो. ही नोंद वाचायची म्हणजे स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर जोडायचा.

आता साधा तर्क बघा. इंजेक्टर उघडतो ईसीयूच्या हुकुमावर. म्हणजे गाडी सुरू होत असेल, चालत असेल, तर ईसीयू जिवंत आहे! स्कॅनरशी बोलत नाही म्हणून तो मेला असं म्हणणं म्हणजे फोन लागला नाही म्हणून माणसाच्या नावाने आंघोळ करण्यासारखं आहे. फोन न लागण्याची कारणं वाटेतही असतात. ती आधी बघायची की नाही?

आणि ही वाट फार लांबची नसते. सॉकेटला सोळा घरं असतात, आठ-आठच्या दोन ओळी. सोळा नंबरच्या घरात थेट बॅटरीचा करंट यायला हवा, कारण स्कॅनर त्यावरच चालतो. तो नसेल तर फ्यूज बघायचा. चार आणि पाच नंबर अर्थिंगचे. ते गंजले किंवा सुटले असतील तर पुढचं सगळं व्यर्थ. त्या काळातल्या पुष्कळ गाड्यांत संभाषण होतं ते सात नंबरच्या एका वायरवरून, तिला के-लाइन म्हणतात. किल्ली ‘ऑन’ केल्यावर बहुतेक गाड्यांत या वायरवर बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज दिसतं. तिथे शून्य आलं तर वायर तुटली आहे किंवा कुठेतरी बॉडीला टेकली आहे असा संशय घ्यायचा. या तपासणीला काही शे रुपयांचा मल्टिमीटर पुरतो. फक्त जुन्या पद्धतीचा बल्बचा टेस्टर या वायरींना लावू नये. तो करंट फार ओढतो आणि चांगला ईसीयू खरोखरच बिघडवू शकतो.

शिवाय सॉकेट तसंच दिसतं म्हणून भाषाही तीच असेल असं नाही. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून सगळ्या गाड्यांना एकसारखं सॉकेट आणि ठरलेल्या भाषा सक्तीच्या झाल्या. आपल्याकडे ओबीडीचा पहिला टप्पा २०१० मध्ये आला आणि दुसरा २०१३ मध्ये. म्हणजे २००४ सालच्या गाडीवर स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरशी बोलण्याचं कायद्याचं बंधनच नव्हतं. तिला कंपनीच्या भाषेतच विचारावं लागतं. मराठी माध्यमाच्या पोराला फ्रेंचमध्ये प्रश्न विचारायचा, ते गप्प राहिलं की ‘ढ’ असा शेरा मारायचा, त्यातलाच हा प्रकार. चाळीस मुलांच्या वर्गात आयुष्य काढलेल्या माणसाला ही चीड जरा जास्तच येते.

आमच्या शेजारी टपाल खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. त्यांची गाडी २००४ ची. पिवळा दिवा लागलेला, सकाळी गाडी सुरू व्हायला कुरकुर करायची, पेट्रोलही जास्त खायची. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, काही आलं नाही. ईसीयूचे अठरा हजार सांगितले. मी त्यांना म्हटलं, ‘अहो, गाडी चालवत तिथे गेलात ना? मग मेलाय कोण?’ दुसऱ्या एका जुन्या वायरमनकडे गेलो. सोळावर करंट होता, अर्थिंग ठीक होतं, सातवर शून्य. त्याने बॅटरी सोडली आणि सात नंबर व बॉडी यांच्यात मीटर धरला. वायर सरळ बॉडीला भिडलेली! पूर्वी कधीतरी बाहेरून म्युझिक सिस्टिम बसवली होती, तेव्हा मागची वायर पत्र्याच्या कडेला दाबली गेली होती आणि घासून उघडी पडली होती. ती सोडवून टेप गुंडाळली आणि त्याच्याकडचा स्कॅनर लगेच बोलू लागला. दोष निघाला इंजिनाचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरचा, आणि तोही सेन्सर बरा होता, त्याचं कनेक्टर गंजलं होतं. दीड तासाचं काम.

यात नवल काही नाही. काही फोक्सवॅगन गाड्यांत कंपनीच्या रेडिओच्या जोडणीतच के-लाइन आणलेली असायची. बाहेरचा रेडिओ लावला की इंजिनाची चौकशीच बंद! जाणकारांना हे पुष्कळ वर्षं ठाऊक आहे.

ईसीयू कधीच बिघडत नाही असं माझं म्हणणं नाही. पाणी शिरतं, जंप स्टार्ट करताना वायरी उलट्या लागतात, बॅटरी न सोडता वेल्डिंग होतं. इंजिन चालू असूनही त्याचा फक्त बोलण्याचा भाग जळू शकतो. पण हा निष्कर्ष सगळ्यात शेवटी काढायचा असतो, बाकीचं तपासून झाल्यावर.

आता मेकॅनिकची बाजूही ऐकली पाहिजे. तो म्हणतो, ‘दोन तास वायर शोधली तर काका दोनशे रुपये द्यायलाही कुरकुर करतात. पार्ट बदलला की हजारो देतात.’ खोटं आहे का हे? आपण वस्तूचे पैसे देतो, डोकं चालवल्याचे देत नाही. मग डोकं चालवणारे कमी आणि पार्ट बदलणारे जास्त झाले तर दोष एकट्या गॅरेजवाल्याचा कसा?

आणि त्याहून मोठा दोष कंपन्यांचा. वायरिंगचे नकाशे आणि खरे स्कॅनर बाहेरच्या मेकॅनिकला मिळूच द्यायचे नाहीत, हे वर्षानुवर्षं चाललं. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये चौदा कार कंपन्यांना याच कारणावरून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला. सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात द्या, असं बजावलं. प्रकरण पुढे अपिलात आणि हायकोर्टात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत. चांगलं आहे. पण माझ्या गावातल्या वायरमनच्या हातात अजून नकाशा नाही. तो बिचारा अनुभवावर वायरी शोधतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या गाडीचा वायरिंग नकाशा लपवून कंपनीचं कोणतं गुपित राखलं जातं? उत्पादन थांबलेल्या प्रत्येक मॉडेलचे नकाशे सगळ्यांना फुकट मिळाले पाहिजेत, तसा नियमच हवा.

तोवर आपण एवढं करू शकतो. ईसीयू गेला असं कुणी म्हणालं की शांतपणे चार प्रश्न विचारायचे. सोळा नंबरवर करंट आहे का? अर्थिंग बघितलं का? सात नंबरवर किती व्होल्टेज आलं? हा स्कॅनर या गाडीची भाषा जाणतो का? आकडे सांगितले तर त्या माणसाला तपासणीची मजुरी न कुरकुरता द्यायची. आकड्यांऐवजी नुसती मान हलवली, तर गाडी सुरू करायची आणि दुसरं गॅरेज गाठायचं. ती सुरू होतेच आहे!