सिएरा लिओनच्या रेल्वेची बदनामी

सिएरा लिओनच्या रेल्वेबद्दल दोन गोष्टी ठासून सांगितल्या जातात. एक, ती इंग्रजांची देणगी होती. दुसरी, ती इतकी जुनाट आणि आतबट्ट्याची झाली होती की बंद करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

देणगीची गोष्ट नकाशापुढे टिकत नाही. 1896 मध्ये फ्रीटाऊनहून काम सुरू झाले आणि बारा वर्षांत रूळ 365 किलोमीटरवरच्या पेंडेंबूला पोचले. मार्ग पामच्या मुलुखातून काढला, कारण तेल आणि बिया बंदरावर आणायच्या होत्या. रुळांची रुंदी अडीच फूट, आपल्या बार्शी लाइट आणि शकुंतला या रेल्वेंइतकीच. शकुंतला कापसासाठी, ही पामसाठी. कमीत कमी खर्चात माल ओढायचा, एवढाच हिशेब. रेल्वे तिथल्या लोकांची झाली ती त्यांच्या घामाने. 1926 मध्ये कामगारांनी सुमारे सहा आठवडे संप केला. सरकारने तो चिरडला. देणगीवर जगणारी माणसे असा संप करत नाहीत!

आता जुनाटपणा. लीड्सच्या हन्स्लेट कारखान्यात 1954 मध्ये बनलेले 85 क्रमांकाचे इंजिन आणि 1961 चे चार डबे 1975 मध्ये वेल्समधल्या वेल्शपूलच्या छोट्या रेल्वेने विकत घेतले. फ्रीटाऊनला निरुपयोगी ठरलेली ही गाडी तिकडे पर्यटकांना फिरवू लागली.

तोटा मात्र खरा होता. गाड्या रखडत चालत, मोटाररस्ते वाढत होते आणि बंद करण्याचा सल्ला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचाही होता. पण सल्ला अमलात आणणारे सरकार सियाका स्टीव्हन्स यांचे. ते 1968 मध्ये सत्तेवर आले आणि 1974 पर्यंत रेल्वे टप्प्याटप्प्याने गुंडाळली गेली. मुख्य मार्ग बो, केनेमा असा दक्षिण-पूर्वेच्या मेंडे प्रदेशातून जात होता, आणि तोच विरोधी पक्षाचा बालेकिल्ला. मनातला हेतू कागदावर सापडत नसतो. फटका कुणाला बसला, ते मात्र दिसते. तोट्यातली रेल्वे सुधारता येते, छाटता येते, अनुदानावर चालवता येते. समूळ उखडणे हा निव्वळ जमाखर्चाचा निर्णय मानायला मी तयार नाही.

रेल्वेचे काही कैवारी याच्याही पुढे जातात: 1991 मध्ये पूर्वेच्या कैलाहून भागातून यादवी सुरू झाली, ती रेल्वे गेल्यामुळेच, असे म्हणतात. शेजारच्या लायबेरियातले युद्ध आणि हिऱ्यांचा पैसा बाजूला सारून काढलेला हा निष्कर्ष ओढूनताणून आणलेला आहे. रेल्वेची बाजू मांडायला त्याची गरजही नाही.