मायलेकींचे घर हे पूर्ण घर

परित्यक्तांच्या प्रश्नावर आपल्या कार्यकर्त्यांत बोलणे निघाले, की चर्चा पोटगीपाशी सुरू होते आणि बहुधा पोटगीपाशीच संपते. पोटगीचे महत्त्व मी कमी लेखत नाही. परंतु नवऱ्याने टाकलेल्या स्त्रीच्या आयुष्यात आणखी एक मोडतोड होत असते, आणि तिची दाद कोणत्याही न्यायालयात मागता येत नाही. ती मोडतोड आई आणि मुली यांच्या नात्याची. बाप निघून जातो ते त्याचे कृत्य; पण त्यानंतर आईपासून मुली ज्या दुरावतात, त्यात मागे राहिलेल्या आपणा भल्या माणसांचा वाटा मोठा असतो. हे मी परक्याच्या घराविषयी लिहीत नाही.

माझी थोरली बहीण १९८४ साली दोन मुलींना घेऊन माहेरी आली. नवऱ्याने दुसरा घरोबा केला होता. थोरली मुलगी आठ वर्षांची, धाकटी तीन. अशा वेळी शेतकरी कुटुंबात जी व्यवस्था होते तीच आमच्याकडे झाली. बहीण आणि धाकटी गावी राहिल्या. थोरलीला शिक्षणासाठी मी शहरात माझ्याकडे आणले. भाचीला शिकवतो म्हणून नातलगांत माझी वाहवा झाली. ती शिकली हे खरे. पण पहाटे पाणी भरणे आणि माझ्या लहान मुलाला सांभाळणे ही कामेही तिच्याच वाट्याला आली. घरकामाचे मूल्य राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाही, हे मी त्याच वर्षांत वर्गात तळमळीने शिकवीत होतो.

१९८६ साली वडील वारले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने वडिलांच्या वाट्यात मुलीलाही हिस्सा दिलेला होता. पुढल्या वर्षी बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली. कोणी जबरदस्ती केली नाही. तिची गरजच नव्हती. जिचे दोन वेळचे जेवण भावाच्या मर्जीवर आहे, ती भावाला नाही कशी म्हणणार? एखादा करार स्वेच्छेने झाला असे म्हणण्यापूर्वी दोन्ही पक्षांपुढे दुसरा मार्ग होता काय, हे पाहावे लागते. हा धडा मी शेकडो विद्यार्थ्यांना दिला, आणि स्वतःच्या ओसरीवर विसरलो.

या व्यवस्थेची फळे पुढे दिसली. आईने धाकटीला ठेवून घेतले आणि मला देऊन टाकले, असे थोरलीने मनाशी धरले. शहरातल्या शाळेत जाणारी बहीण सुखात आहे आणि आपल्या वाट्याला आजोळचे उपकार आले, असे धाकटीला वाटे. आणि आईला वाटे, की मामाकडे रुळलेली लेक आता आपली कशी राहील? सुट्टीत तिघी एकत्र आल्या तरी पाहुण्यांसारख्या वागत. आम्ही याला स्वभावदोष म्हणत होतो. मुलगी हट्टी आहे, बाई अबोल आहे, असे सांगून मोकळे होत होतो. वस्तुतः तो आमच्या व्यवस्थेचा दोष होता.

आपल्या सुधारणेच्या परंपरेतही या स्त्रीला उशिरा जागा मिळाली. विधवांसाठी १८५६ चा पुनर्विवाहाचा कायदा झाला, १८६३ साली जोतीराव व सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, १८९६ साली कर्व्यांचा आश्रम उभा राहिला. टाकलेली स्त्री मात्र ना विधवा ना संसारी. १९८० च्या दशकात संगमनेर परिसरातील चळवळीने हा प्रश्न ऐरणीवर आणला, ही आपल्या विचारांच्या कार्यकर्त्यांची मोलाची कामगिरी होय. प्रश्नाचा आवाका लहान नाही. २०११ च्या जनगणनेत विभक्त अशी नोंद झालेल्या स्त्रिया देशात सुमारे २३ लाख होत्या, म्हणजे घटस्फोटितांच्या दुपटीहून अधिक. कायद्याने मोकळे न करता वाऱ्यावर सोडलेल्या किती असतील, याचा अंदाज यावरून यावा.

कायदा सावकाश का होईना पुढे सरकला. फौजदारी प्रक्रिया संहितेतील दरमहा ५०० रुपयांची पोटगीची मर्यादा २००१ साली उठली. बाप बेपर्वा वा दूर असेल तर आई ही मुलांची नैसर्गिक पालक ठरते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली लावला. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेपुरती घरातील थोरली स्त्री कुटुंबप्रमुख मानली. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आईचे नाव लावणे आवश्यक झाले. या साऱ्या तरतुदींनी तुकड्यातुकड्याने जे मान्य केले, ते आपण एकदा स्पष्ट शब्दांत म्हटले पाहिजे. मायलेकींचे घर हे मोडलेल्या संसाराचे उरलेसुरले अवशेष नव्हे. ते स्वतःच एक पूर्ण कुटुंब आहे.

माझ्या बहिणीचे हे कुटुंब उभे राहिले ते १९९२ नंतर. तिला अंगणवाडी सेविकेचे काम मिळाले. सरकार या श्रमाला वेतन न म्हणता मानधन म्हणते, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. त्या मानधनावर तिने तालुक्याच्या गावी एक खोली भाड्याने घेतली आणि दोन्ही मुलींना जवळ आणले. थोरली तेव्हा सोळा वर्षांची होती. पहिली दोन वर्षे मायलेकी कामापुरतेच बोलत. पुढे थोरली टंकलेखन शिकून एका पतसंस्थेत लागली, भाड्याचा निम्मा भार उचलू लागली, धाकटीची फी भरू लागली. वेगळ्या शिधापत्रिकेसाठी नवऱ्याच्या पत्रिकेतून नाव कमी केल्याचा दाखला मागितला जाई. त्यासाठी तिघी मिळून हेलपाटे घालीत. कोणी कोणाची क्षमा मागितली नाही. एका खोलीचा खर्च तिघींनी मिळून भागवताना नाते हळूहळू सांधत गेले.

एकदा मी तेथे गेलो असता थोरलीने आईला सरळ विचारले, "मला का दिलेस?" बहीण म्हणाली, "दिले नाही ग. दोघींना ठेवायला माझ्यापाशी जागा नव्हती." मुलगी म्हणाली, "मग तेव्हाच तसे सांगायचे होतेस." त्यानंतर कितीतरी वेळ दोघी बोलत बसल्या. मी खाली मान घालून ऐकत होतो. जागा नव्हती म्हणजे काय? गावी आमचे चार खणांचे घर उभे होते, आणि त्यातला तिचा हिस्सा मी लिहून घेतला होता.

काही मित्र म्हणतील, की प्रोफेसर मायेलाही जमाखर्चात बसवतात. माझे म्हणणे उलट आहे. माया पैशाने विकत मिळत नाही; पण तिला बसायला एक ओटा लागतो, आणि तो कोणाच्या तरी मालकीचा असतो. दुसरे काही म्हणतील, की कुटुंबसंस्थेच्या जाचातून स्त्रीला सोडवायचे सोडून पुन्हा कुटुंब कशाला जोडायचे? जाच होता तो कोणाच्या तरी मर्जीवर जगण्याचा. तो गेल्यावर या तिघींनी एकत्र राहणे आपणहून निवडले.

तेव्हा कार्यकर्त्यांना माझी विनंती तीन गोष्टींची आहे. टाकलेल्या स्त्रीचे प्रकरण हाती घ्याल तेव्हा पोटगीबरोबर निवाऱ्याचाही दावा लावा. मुलींना वसतिगृहात वा नातलगांकडे पाठवण्याचा सल्ला सोयीचा वाटला, तरी आधी आईला त्यांच्यासह ठेवता येईल काय हे पाहा. आणि तिसरी गोष्ट घरापासून सुरू करा. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, तरी हक्कसोडपत्रे लिहून घेणे थांबलेले नाही. आपल्या घरचा सातबारा काढून त्यावर बहिणीचे नाव आहे काय, हे प्रत्येकाने तपासावे.

मी ते फार उशिरा केले. २०१२ साली बहिणीचा हिस्सा तिच्या नावे परत केला. सोडलेला हक्क परत देण्यास कायद्याने बक्षीसपत्र करावे लागले. नोंदणीच्या दिवशी थोरल्या भाचीने तो कागद वाचला आणि म्हणाली, "मामा, आईचेच आईला देता आहात; याला बक्षीस का लिहिले?" मजजवळ उत्तर नव्हते. बहिणीने सही केली, दोन्ही लेकींनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या, आणि तिघी माझ्याआधी बाहेर पडल्या.