शेजाऱ्याचा शब्द

गुरु म्हटलें म्हणजे हातांत पुस्तक घेतलेले मास्तरच आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु पुष्कळांच्या आयुष्यास वळण लावणारीं माणसें शाळेबाहेरचीं असतात. जोतीराव फुले यांचें बालपण आठवावें, म्हणजे हें कोणासही पटेल.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालीं झाला. आई चिमणाबाई ते तान्हे असतांनाच निवर्तल्या. सगुणाबाई या नात्यांतील बाईंनीं त्यांना आईच्या मायेनें वाढविलें. मुलगा शाळेंत जाऊं लागला. पण माळ्याच्या पोरास विद्या काय कामाची, असें वडील गोविंदराव यांच्या मनांत भरविण्यांत आलें, आणि पाटी जाऊन हातीं खुरपें आलें. तरी दिवसा मळ्यांत राबावें आणि रात्रीं दिव्याशीं पुस्तक घेऊन बसावें, असा त्या मुलाचा क्रम होता. हें दोघां शेजाऱ्यांच्या नजरेंतून सुटलें नाहीं. एक फारसी-उर्दूचे शिक्षक गफार बेग मुन्शी, दुसरे लिजिटसाहेब. एक मुसलमान, एक ख्रिस्ती. मुलगा हिंदु माळ्याचा. ना नात्याचे, ना जातीचे. त्यांनीं गोविंदरावांची समजूत घातली, आणि १८४१ सालीं जोतीराव पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेंत दाखल झाले.

बापाशीं दोन शब्द बोलणें, एवढेंच तें काम. पण त्याचें फळ पाहा. पुढें जोतीरावांनीं आपल्या अहमदनगरास येऊन अमेरिकन मिशनची फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली, आणि १८४८ सालीं पुण्यांत भिड्यांच्या वाड्यांत स्वतः मुलींची शाळा काढली. तेथें सावित्रीबाई शिकवूं लागल्या. स्वतःस मिळालेलें त्यांनीं दुसऱ्यांच्या लेकरांना असें दिलें.

ही गोष्ट जामखेडकरांना दूरची वाटूं नये. दिवाळी आटोपली कीं आपल्या भागांतील कितीतरी कुटुंबें कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रांत, कर्नाटकांत ऊसतोडीस निघतात. बरोबर मुलेंही जातात. थोरला मुलगा मोळ्या बांधूं लागतो, मुलगी धाकट्या भावंडांस सांभाळते. उन्हाळ्यांत परत येईपर्यंत वर्ग पुढें गेलेला असतो, आणि मग बाकावरची ती जागा रिकामीच राहते.

यांत आईबापांस दोष देणें अन्यायाचें होईल. पोटापुढें त्यांचा इलाज चालत नाहीं. परंतु एखाद्या आजीपाशीं, चुलत्याच्या घरीं किंवा वसतिगृहांत त्या मुलाची सोय बहुधा होऊं शकते. "याला येथेंच राहूं द्या, आम्ही लक्ष ठेवूं," असें बापाला सांगणारा मात्र कोणीतरी लागतो. तो आपण व्हावें, असें माझें मत आहे.

विद्यार्थिमित्रांनो, शेजारचा सोबती यंदा जाणार असें कळलें, तर घरीं सांगा. पालकांनीं त्याच संध्याकाळीं त्या दारीं जावें. गाडी निघाल्यावर बोलून उपयोग नाहीं.