ऐच्छिक महिना आमच्या दवाखान्यात द्या!

कामगार बंधूंनो, २०१९ च्या अभ्यासक्रमाने वैद्यकीय विद्यार्थ्यांना ऐच्छिक प्रशिक्षणाचे दोन महिने दिले. त्यातला एक वस्तीतल्या दवाखान्यात काढण्याची मुभाही होती. पुढे तो काळच आखडला! रायपूरच्या एम्समध्ये सामुदायिक व कुटुंब वैद्यक विभाग आहे. मग तिथले विद्यार्थी रेल्वेच्या आरोग्य केंद्रात का नकोत? गँगमनची साखर, बायकोचा रक्तक्षय, म्हाताऱ्याचा दमा एकाच डॉक्टरने कसा सांभाळावा, हे तिथेच शिकता येते. आमच्या बूढ़ापाऱ्यातला निवृत्त गार्ड तीन डॉक्टरांच्या तीन चिठ्ठ्या घेऊन फिरतो. या गोळ्या एकमेकींशी जमतात का, हे त्याने कोणाला विचारायचे? प्रशासन जागेचे रडगाणे गाईल. एक जादा खुर्ची अन् शिकवणारा अनुभवी डॉक्टर, एवढेच तर लागते! पुढच्या पीएनएममध्ये हा विषय आम्ही मांडणार. टपाल बांधवांनीही हेच मागावे.