प्रतिकारशक्तीची स्मरणशक्ती

पावसाळा लागला, की औषधांच्या दुकानांत आणि किराणा मालाच्या फळ्यांवर एक शब्द हमखास दिसतो: इम्युनिटी. काढा, च्यवनप्राश, अगदी चहाची पुडीसुद्धा ती ‘वाढवते’ म्हणे. करोनाच्या साथीत हा शब्द घरोघरी पोहोचला; अर्थ मात्र वाटेतच राहिला.

मूळ लॅटिन ‘इम्युनिस’ म्हणजे कर किंवा सार्वजनिक सेवेतून सूट मिळालेला. आपल्याकडची सारामाफी आठवा. जमिनीचा सारा माफ झाला म्हणून सावकाराचे कर्ज फिटत नाही. रोगांचेही तसेच. गोवर होऊन गेला, तर सूट गोवरापासून मिळते, कांजिण्यांपासून नाही.

१८४६ मध्ये फेरो बेटांवर गोवराची साथ आली. सुमारे ७,८०० लोकवस्तीपैकी ६,००० जण आजारी पडले. पेटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने तेव्हा एक गोष्ट टिपली. आधीची साथ १७८१ मधली. त्या साथीत गोवर झालेल्या म्हाताऱ्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नव्हता. धडधाकट तरुण अंथरुणाला खिळले आणि सत्तरी गाठलेले वाचले. त्यांच्या शरीराने गोवराची ओळख ६५ वर्षे जपली होती.

मराठीत आपण ‘रोगप्रतिकारशक्ती’ म्हणतो. शक्ती म्हटले, की जितकी जास्त तितकी चांगली, असे वाटणारच. पण आमवातात आणि टाइप १ मधुमेहात हीच यंत्रणा स्वतःच्या शरीरावर उलटते. मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णाला तर ती दाबून ठेवण्याची औषधे घ्यावी लागतात. अशा रुग्णाने जाहिरात पाहून परस्पर काही सुरू करणे धोक्याचे.

कुपोषण, तंबाखू, काबूत नसलेला मधुमेह यांनी ही यंत्रणा खचते, हे खरे. म्हणून सकस जेवण आणि पुरेशी झोप हवीच. पण कधी न पाहिलेल्या जंतूची ओळख जेवणातून होत नाही. ती एक तर आजार करून देतो, नाही तर लस. धनुर्वात तर होऊन गेला, तरी पुढचे संरक्षण देत नाही. तिथे लसच लागते. ‘बूस्टर’ हा शब्दही खरा तिचाच: जुनी ओळख ताजी करणारा डोस.

म्हणूनच ‘आमच्या बाळाची इम्युनिटी चांगली आहे, लस कशाला?’ हा प्रश्न काळजीत टाकतो. कुत्रा चावल्यावर हाच विचार करून घरी बसणे तर जिवावर बेतते; रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही. जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी दवाखाना गाठायला हवा.

घरातल्या बाळाचे लसीकरण कार्ड आज काढून पाहा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांदरम्यान असतो. राहिला असेल, तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तो मोफत मिळतो.