नेपाळ हाही परदेशच

नेपाळला निघालेल्या आपल्या माणसाला परदेशी चाललोय असं वाटतच नाही. व्हिसा नको, घड्याळ जेमतेम पंधरा मिनिटं पुढे, पशुपतिनाथाचं दर्शन, येताना रुद्राक्षाची माळ. काळजी काय ती थंडीची आणि गुडघ्यांची!

2025 च्या सप्टेंबरात हीच सहल अनेकांच्या अंगाशी आली. 4 तारखेला तिथल्या सरकारनं 26 समाजमाध्यमांवर बंदी घातली. 8 ला तरुण रस्त्यावर उतरले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, एका दिवसात 19 जणांचा जीव गेला. 9 ला पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला. संसद, सरकारी कचेऱ्यांचा सिंहदरबार, सर्वोच्च न्यायालय, सगळीकडे आगी लागल्या. चकचकीत हिल्टन हॉटेलही जळालं. म्हणजे पंचतारांकित आहे म्हणून सुरक्षित, हे गणित तिथं चुकलं. उलट सत्तेच्या इमारतींपासून लांब, गल्लीतलं साधं लॉज बरं. संसद होती नव्या बानेश्वरला, काठमांडू शहरातून विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. तो रस्ता अडला की तिकीट हातात असून उपयोग काय? आणि विमानतळच बंद झाला.

बंदी घातलेल्यांत व्हॉट्सअ‍ॅपही होतं, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आपल्या सहलीचा सगळा संसार त्या एका ग्रुपवर असतो: टूर मॅनेजरचा नंबर, हॉटेलचा पत्ता, तिकिटं, पासपोर्टचे फोटो. बंदी 8 च्या रात्री उठली म्हणा, पण पुढच्या वेळी उठेलच असं नाही. हॉटेलचा पत्ता, भारतीय दूतावासाचा आणि घरचा नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा. नातवंडं हसतील, हसू द्या.

दुसरं, ओळखपत्र. विमानानं जाणाऱ्या प्रौढाला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार चालेल या भरवशावर निघू नये. विम्याच्या पॉलिसीत दंगल, बंद, संचारबंदी वगळलीय का, ते बारीक अक्षरात असतं. चष्मा लावून वाचा.

आणि मोर्चा दिसला की मोबाइल काढून गॅलरीत धावायची आपली सवय! कुणाचं शूटिंग कुणाला खटकेल सांगता येत नाही. खिडकी लावून घ्यावी, औषधं आणि रोकड जवळ ठेवावी. संचारबंदीत एटीएमपर्यंतसुद्धा जाता येत नाही.